यूएसबी उपकरण शोधणारे कर्नल मॉड्यूल

यूएसबी उपकरण शोधणारे कर्नल मॉड्यूल म्हणजे लिनक्स कर्नल चालू असतानाच त्यात चढवता येणारा असा छोटा प्रोग्राम, जो संगणकाला एखादे यूएसबी उपकरण जोडले किंवा काढले गेले की त्याची नोंद घेतो. पेन ड्राइव्ह, कळफलक, माऊस, मुद्रक, मोबाइल संच अशी कोणतीही वस्तू जोडल्यावर तिचा निर्माता क्रमांक, उत्पादन क्रमांक, वेग व जोडणीचे स्थान ही माहिती अशा मॉड्यूलला मिळू शकते. संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) या विषयाच्या प्रात्यक्षिकांमध्ये हा स्वाध्याय लोकप्रिय आहे. प्रोग्राम शंभर ओळींच्या आत बसतो, परिणाम डोळ्यांना लगेच दिसतो आणि कर्नलमधील नोंदणी, सूचना, कुलपे व संदर्भगणना या चारही संकल्पनांशी विद्यार्थ्याची गाठ पडते.

उपकरण शोधण्याचे मूळ काम हे मॉड्यूल करत नाही. ते काम कर्नलचा यूएसबी गाभा आणि हब ड्रायव्हर आधीच करत असतात. मॉड्यूल फक्त त्या कामाचा निष्कर्ष ऐकते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुढील बहुतेक चुका होतात.

या लेखात कर्नलमधील फंक्शन, स्ट्रक्चर व आज्ञा यांची नावे देवनागरीत लिप्यंतरित केली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

पार्श्वभूमी

यूएसबी अर्थात युनिव्हर्सल सिरियल बस या मानकाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी व नॉर्टेल या सात कंपन्यांनी ती एकत्र येऊन तयार केली होती. इंटेलमधील या कामात अग्रभागी असलेले अजय भट्ट यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले होते. त्याआधी मुद्रक, कळफलक आणि मोडेम यांच्यासाठी वेगवेगळी पोर्टे असत, आणि नवे उपकरण जोडल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा लागणे ही सर्वसाधारण गोष्ट होती. चालू संगणकाला उपकरण जोडावे आणि संगणकाने ते आपोआप ओळखावे, ही अपेक्षा यूएसबीच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

लिनक्समध्ये मॉड्यूल चढवण्याची सोय १९९५ साली आलेल्या १.२ या आवृत्तीपासून आहे. यूएसबीचा आज वापरात असलेला गाभा १९९९ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या छोट्या आराखड्यातून वाढत गेला. त्यात योहान्स एर्डफेल्ट, रँडी डनलॅप, डेव्हिड ब्राउनेल आदींनी भर घातली. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीपासून यूएसबी हा लिनक्सचा नित्याचा भाग झाला. ग्रेग क्रोआ-हार्टमन हे या उपप्रणालीचे दीर्घकाळचे व्यवस्थापक आहेत.

तारेपासून सूचनेपर्यंत

उपकरण जोडले गेले हे संगणकाला प्रथम कळते ते विद्युतदाबातील बदलामुळे. यूएसबी २.० पर्यंतच्या जोडणीत डी-अधिक आणि डी-उणे अशा दोन माहितीवाहक तारा असतात. पोर्टच्या बाजूला या दोन्ही तारा प्रत्येकी १५ किलोओहमच्या रोधकाने शून्य विभवाकडे ओढलेल्या असतात. उपकरणात १.५ किलोओहमचा एक रोधक असतो आणि तो दोहोंपैकी एक तार सुमारे ३.३ व्होल्टकडे ओढतो. दोन्ही रोधकांच्या चढाओढीत उपकरणाचा रोधक जिंकतो, तारेवरील दाब वाढतो आणि पोर्ट रिकामे नाही हे हबला समजते. कोणती तार वर गेली यावरून वेगही कळतो. डी-उणे वर गेल्यास उपकरण कमी वेगाचे (१.५ मेगाबिट प्रतिसेकंद) असते, डी-अधिक वर गेल्यास पूर्ण वेगाचे (१२ मेगाबिट प्रतिसेकंद). ४८० मेगाबिटचे उच्च वेगाचे उपकरणही आरंभी पूर्ण वेगाचे म्हणूनच पुढे येते आणि नंतरच्या रीसेटमध्ये विशिष्ट संकेतांची देवाणघेवाण करून आपला खरा वेग सांगते.

बाजारातील काही स्वस्त केबलींमध्ये केवळ वीजपुरवठ्याच्या तारा असतात, माहितीवाहक तारा नसतात. अशा केबलीने जोडलेला मोबाइल चार्ज होतो, पण संगणकाच्या दृष्टीने काहीच जोडलेले नसते. मॉड्यूल बरोबर असूनही ते गप्प राहते, तेव्हा प्रोग्राम तपासण्यापूर्वी केबल बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते.

पोर्टच्या स्थितीतील बदल हब संगणकाला कळवतो. लिनक्समध्ये हे काम पूर्वी ‘केहबडी’ नावाचा स्वतंत्र कर्नल धागा पाहत असे. २०१४ पासून त्याची जागा कार्यरांगेने (वर्कक्यू) घेतली आहे. आत सरकताना खटका काही क्षण डळमळत असतो, त्यामुळे जोडणी सलग १०० मिलिसेकंद स्थिर राहीपर्यंत कर्नल थांबतो. त्यानंतर पोर्ट रीसेट केले जाते. रीसेट झालेले उपकरण शून्य या तात्पुरत्या पत्त्यावर उत्तर देते. मग त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता दिला जातो आणि त्याचे उपकरण वर्णनपत्र (डिव्हाइस डिस्क्रिप्टर) वाचले जाते.

हे वर्णनपत्र अवघे १८ बाइटांचे असते. यूएसबीची आवृत्ती, उपकरणाचा वर्ग, शून्य क्रमांकाच्या एंडपॉइंटवरील पाकिटाचा कमाल आकार, निर्माता क्रमांक, उत्पादन क्रमांक, नाव व अनुक्रमांकाच्या मजकुरांचे निर्देशांक आणि उपलब्ध संरचनांची (कॉन्फिगरेशन) संख्या एवढेच त्यात सामावलेले असते. या ठिकाणी एक पेच उद्भवतो. पाकिटाचा कमाल आकार माहीत असल्याशिवाय वर्णनपत्र नीट वाचता येत नाही आणि तो आकार वर्णनपत्रातच लिहिलेला असतो. तो आठव्या बाइटमध्ये ठेवला असल्याने आणि कोणत्याही उपकरणाला निदान आठ बाइट एका पाकिटात पाठवता येत असल्याने हा पेच सुटतो. पहिल्या आठ बाइटांवरून आकार कळतो आणि मग पूर्ण वर्णनपत्र मागवले जाते.

वर्णनपत्र मिळाल्यावर कर्नल उपकरणाची नोंद आपल्या उपकरणवृक्षात करतो, एक संरचना निवडतो आणि त्या संरचनेतील प्रत्येक इंटरफेससाठी योग्य ड्रायव्हर शोधतो. उपकरण आणि इंटरफेस यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. ध्वनिक्षेपक, मायक्रोफोन व बटणे असलेला हेडफोन हे भौतिकदृष्ट्या एकच उपकरण असले, तरी त्यात अनेक इंटरफेस असतात आणि ते वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या ताब्यात जातात.

या प्रवासात कोठेही अडथळा आला, तर मॉड्यूलला काहीच कळत नाही. खराब केबल किंवा अपुरा वीजपुरवठा असल्यास कर्नलच्या नोंदींमध्ये वर्णनपत्र वाचता न आल्याचा संदेश उणे ११० (मुदत संपली) अथवा उणे ७१ (संदेशवहनातील दोष) या त्रुटीक्रमांकासह दिसतो. अशा उपकरणाची नोंद उपकरणवृक्षात होत नाही, म्हणून त्याची सूचनाही निघत नाही.

पहिला मार्ग: यूएसबी ड्रायव्हर

पाठ्यपुस्तकांमध्ये बहुधा हाच मार्ग दाखवलेला असतो. ‘यूएसबी_ड्रायव्हर’ या स्ट्रक्चरमध्ये ड्रायव्हरचे नाव, ओळखसारणी आणि ‘प्रोब’ व ‘डिसकनेक्ट’ ही दोन फंक्शने भरून ते ‘यूएसबी_रजिस्टर’ द्वारे नोंदवले जाते. ओळखसारणीत निर्माता व उत्पादन क्रमांकांच्या जोड्या किंवा इंटरफेसचे वर्ग लिहिलेले असतात. सारणीशी जुळणारा इंटरफेस आढळला की गाभा प्रोब हे फंक्शन बोलावतो. प्रोबने शून्य परत केले, तर इंटरफेस त्या ड्रायव्हरचा होतो. ‘असे उपकरण नाही’ या अर्थाचा त्रुटीक्रमांक परत केला, तर गाभा पुढील ड्रायव्हरकडे वळतो.

‘मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल’ हा मॅक्रो वापरल्यास हीच सारणी मॉड्यूलच्या फाइलमध्येही लिहिली जाते. ‘डेपमॉड’ ही आज्ञा तिच्यावरून टोपणनावांची यादी बनवते. पुढे उपकरण जोडले जाताच ‘यूडेव्ह’ ही सेवा त्या यादीत शोध घेते आणि योग्य मॉड्यूल आपोआप चढवते. नव्या संगणकाला मुद्रक जोडल्यावर त्याचा ड्रायव्हर कोणी न सांगता कसा येतो, याचे उत्तर या यादीत आहे.

केवळ ‘शोध’ घेण्यासाठी मात्र हा मार्ग गैरसोयीचा आहे. एका इंटरफेसचा ताबा एका वेळी एकाच ड्रायव्हरकडे असू शकतो. विद्यार्थी आपल्या पेन ड्राइव्हचे क्रमांक सारणीत घालतो, मॉड्यूल चढवतो, पेन ड्राइव्ह जोडतो आणि प्रोबमधील संदेशाची वाट पाहत बसतो. संदेश येत नाही, कारण ‘यूएसबी-स्टोरेज’ किंवा ‘यूएएस’ या ड्रायव्हरने इंटरफेस आधीच घेतलेला असतो. प्रोग्रामात एकही चूक नसते. यूएसबी-स्टोरेज मॉड्यूल उतरवले, किंवा सिसएफएसमधील ‘अनबाइंड’ या फाइलद्वारे त्याचा ताबा सोडवला, तर संदेश येतो. परंतु तेव्हा पेन ड्राइव्हमधील फाइली दिसेनाशा होतात, कारण नव्या ड्रायव्हरला त्या वाचणे ठाऊक नसते.

सारणीत सर्वच उपकरणांशी जुळणारी नोंद करून प्रोबमधून प्रत्येक वेळी नकार परत करण्याची युक्तीही काही जण वापरतात. तीही अपुरी आहे. आधीच्या ड्रायव्हरने होकार दिला की पुढच्यांना विचारलेच जात नाही, त्यामुळे असे मॉड्यूल काही उपकरणे पाहते आणि काही पाहत नाही. कोणती पाहील हे ड्रायव्हर चढवण्याच्या क्रमावर अवलंबून राहते.

दुसरा मार्ग: सूचनासाखळी

ज्याला उपकरणाचा ताबा नको आहे आणि फक्त बातमी हवी आहे, त्याच्यासाठी कर्नलमध्ये सूचनासाखळीची (नोटिफायर चेन) व्यवस्था आहे. ‘नोटिफायर_ब्लॉक’ या स्ट्रक्चरमध्ये आपल्या फंक्शनचा पत्ता देऊन ‘यूएसबी_रजिस्टर_नोटिफाय’ बोलावले की यूएसबी गाभा पुढील प्रत्येक घटनेच्या वेळी ते फंक्शन चालवतो. घटना चार प्रकारच्या असतात: उपकरण आले, उपकरण गेले, बस आली, बस गेली. येथे बस म्हणजे एक संपूर्ण यूएसबी नियंत्रक. पहिल्या दोन घटनांबरोबर ‘यूएसबी_डिव्हाइस’ या स्ट्रक्चरचा पत्ता मिळतो आणि त्यातून हवी ती माहिती वाचता येते. बसच्या घटनांबरोबर मिळणारा पत्ता ‘यूएसबी_बस’ या वेगळ्याच स्ट्रक्चरचा असतो. म्हणून घटना कोणती ते तपासल्याशिवाय तो पत्ता उपकरणाचा मानणे धोक्याचे आहे.

‘उपकरण आले’ ही सूचना नावावरून वाटते तितक्या लवकर निघत नाही. संरचना निवडून झाल्यावर, म्हणजे इंटरफेसांची नोंद होऊन त्यांचे ड्रायव्हरही कामाला लागलेले असू शकतात अशा टप्प्यावर ती निघते. ‘उपकरण गेले’ ही सूचनाही उपकरण उपटल्यावर इंटरफेस मोडीत काढून झाल्यानंतरच येते. दोन्ही वेळा फंक्शन प्रक्रियेच्या संदर्भात चालते, त्यामुळे त्यात स्मृती मागणे, म्युटेक्स घेणे, थोडे थांबणे हे सर्व चालते. मात्र त्या क्षणी उपकरणाचे कुलूप गाभ्याने आधीच घेतलेले असते. तेच कुलूप पुन्हा मागणारे कोणतेही फंक्शन तेथून बोलावले, तर ते स्वतःचीच वाट पाहत कायमचे अडकते. सूचनेच्या फंक्शनमधूनच नोंदणी रद्द करण्याचा प्रयत्न केल्यासही हीच गत होते.

फंक्शनने परत केलेल्या मूल्याने उपकरण नाकारता येत नाही. यूएसबी गाभा ते मूल्य विचारात घेत नाही. साखळी थांबवण्याचा संकेत परत केल्यास एवढेच होते की आपल्यानंतरच्या श्रोत्यांपर्यंत बातमी पोहोचत नाही, आणि त्या श्रोत्यांमध्ये कर्नलचे स्वतःचे घटकही असतात. म्हणून ‘ठीक’ या अर्थाचे मूल्य परत करणे हाच योग्य शिरस्ता आहे.

आधीपासून जोडलेली उपकरणे

सूचनासाखळी भूतकाळ सांगत नाही. मॉड्यूल चढवण्यापूर्वी जोडलेल्या कळफलकाची बातमी तिला कधीच मिळणार नाही. त्यासाठी ‘यूएसबी_फॉर_ईच_डेव्ह’ हे फंक्शन आहे. ते त्या घडीला अस्तित्वात असलेल्या प्रत्येक उपकरणासाठी आपले फंक्शन एकदा चालवते. या यादीत १डी६बी हा निर्माता क्रमांक असलेली काही अनपेक्षित उपकरणे दिसतात. हा क्रमांक लिनक्स फाउंडेशनचा आहे आणि ती उपकरणे म्हणजे नियंत्रकांचे मूळ हब होत. ती कोणी जोडलेली नसतात. कर्नलच त्यांना उपकरणाचे रूप देतो.

आता प्रश्न उरतो क्रमाचा. आधी यादी वाचली आणि मग सूचनेसाठी नोंदणी केली, तर दोहोंच्या मधल्या क्षणी जोडलेले उपकरण दोन्हींतून निसटते. आधी नोंदणी करून मग यादी वाचली, तर तेच उपकरण दोनदा दिसू शकते. निसटण्यापेक्षा दोनदा दिसणे परवडते, कारण दुसरी नोंद ओळखून टाकून देता येते. म्हणून मॉड्यूलने स्वतःची एक यादी ठेवावी, ती म्युटेक्सने राखावी आणि बस क्रमांक व उपकरण क्रमांक यांची जोडी आधीच आहे का ते पाहून मगच नवी नोंद करावी. म्युटेक्स अत्यावश्यक आहे, कारण वेगवेगळ्या हबांचे काम एकाच वेळी चालू शकते आणि तेच फंक्शन दोन ठिकाणांहून एकदम बोलावले जाऊ शकते.

तरीही एक फट राहते. यादी वाचत असतानाच कोणी उपकरण उपटले, तर ‘गेले’ ही सूचना आधी येऊन दुर्लक्षिली जाते आणि त्यानंतर यादीवाचक तेच उपकरण ‘आहे’ म्हणून नोंदवतो. अशी भुताटकीची नोंद मग कायम राहते. उपाय सोपा आहे. उपकरण उपटले गेल्याचे कळताच गाभा सर्वप्रथम त्याची अवस्था ‘जोडलेले नाही’ अशी करतो आणि सूचना त्यानंतर देतो. यादीवाचकाने म्युटेक्स घेतल्यावर ही अवस्था तपासावी आणि त्याच म्युटेक्सखाली नोंद करावी. अवस्था बदललेली असेल, तर नोंद टाळली जाते. बदललेली नसेल, तर ‘गेले’ ही सूचना नंतरच येणार असते आणि ती नोंद पुसते.

सूचनेचे फंक्शन संपल्यानंतरही उपकरणाचा पत्ता जवळ ठेवायचा असल्यास ‘यूएसबी_गेट_डेव्ह’ ने संदर्भसंख्या वाढवावी व काम झाल्यावर ‘यूएसबी_पुट_डेव्ह’ ने ती कमी करावी. नुसत्या नोंदवहीसाठी पत्ता न ठेवता क्रमांकांची प्रत ठेवणे अधिक सुटसुटीत होय.

माहिती वाचताना

वर्णनपत्रातील दोन बाइटांच्या संख्या लिटल-एंडियन क्रमात, म्हणजे कमी महत्त्वाचा बाइट आधी अशा क्रमात असतात. त्या ‘एलई१६_टू_सीपीयू’ ने रूपांतरित करूनच वापरायच्या असतात. नेहमीच्या इंटेल किंवा आर्म संगणकावर रूपांतर विसरले तरी उत्तर बरोबरच येते, कारण त्यांचा क्रमही तोच आहे. उलट क्रमाच्या यंत्रावर मात्र निर्माता क्रमांकाचे बाइट अदलाबदल होऊन दिसतात. ‘स्पार्स’ हे तपासणीचे साधन अशा चुका यंत्र न बदलता दाखवून देते.

निर्मात्याचे नाव, उत्पादनाचे नाव व अनुक्रमांक हे मजकूर देणे उपकरणावर बंधनकारक नाही. अनेक स्वस्त उपकरणे अनुक्रमांक देत नाहीत आणि त्या जागी रिक्त पत्ता असतो. तो न तपासता मजकुराची तुलना केली, तर कर्नल कोसळतो. साध्या प्रोग्राममध्ये अशा चुकीने तो प्रोग्राम तेवढा बंद पडतो. कर्नलमध्ये त्याच चुकीची किंमत संपूर्ण यंत्राला मोजावी लागते.

जोडणीचे स्थान ‘१-२’ किंवा ‘१-२.३’ अशा नावाने मिळते. पहिल्याचा अर्थ बस १ चे पोर्ट २, दुसऱ्याचा अर्थ त्या पोर्टला जोडलेल्या हबचे पोर्ट ३. उपकरण क्रमांक प्रत्येक जोडणीगणिक बदलतो, पण हे नाव त्याच पोर्टसाठी बहुधा तेच राहते. कोणती वस्तू कोठे जोडली हे नोंदवायचे असल्यास हे नावच अधिक उपयुक्त ठरते.

बांधणी व चढवणे

मॉड्यूल बांधण्यासाठी चालू कर्नलच्या आवृत्तीशी जुळणाऱ्या शीर्षक फाइली आवश्यक असतात. एका ओळीच्या मेकफाइलमध्ये ‘ऑब्ज-एम’ या चलात मॉड्यूलचे नाव देऊन कर्नलच्याच बांधणीव्यवस्थेकडून ते बांधून घेतले जाते. तयार फाइल ‘इन्समॉड’ ने चढते, ‘आरएममॉड’ ने उतरते आणि तिचे संदेश ‘डीमेसेज’ या आज्ञेने वाचता येतात. एका आवृत्तीसाठी बांधलेले मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीवर साधारणतः चढत नाही. कर्नल अद्ययावत झाल्यावर ते पुन्हा बांधावे लागते.

मॉड्यूलचा परवाना जीपीएल असल्याचे प्रोग्राममध्ये जाहीर करणे येथे औपचारिकतेपुरते नाही. यूएसबी गाभ्याची वर उल्लेखिलेली नोंदणीची फंक्शने केवळ जीपीएल परवान्याच्या मॉड्यूलांसाठीच खुली आहेत. परवान्याची ओळ राहिली, तर बांधणीच अपुरी राहते. सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक संगणकांवर स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. तेथे स्वतःची किल्ली तयार करून ती संगणकाच्या फर्मवेअरमार्फत मान्य करून घ्यावी लागते.

नोंदणी रद्द करण्याचा विसर

या प्रकारच्या मॉड्यूलमध्ये सर्वांत महाग पडणारी चूक एकाच ओळीची असते. उतरवण्याच्या फंक्शनमध्ये ‘यूएसबी_अनरजिस्टर_नोटिफाय’ लिहायचे राहून जाते. मॉड्यूल विनातक्रार उतरते, पडद्यावर काहीच विपरीत दिसत नाही. त्याची स्मृती मोकळी झालेली असते, पण सूचनासाखळीत त्याच्या फंक्शनचा पत्ता तसाच असतो. पुढे केव्हातरी कोणी माऊस किंवा पेन ड्राइव्ह जोडतो आणि कर्नल त्या पत्त्यावर उडी मारतो. तेथे आता काहीच नसते. हा दोष हबचे काम पाहणाऱ्या धाग्यातच घडतो आणि तो धागा कुलपे हातात असतानाच मरतो. त्यामुळे यंत्र वरवर चालू राहिले, तरी त्यानंतर यूएसबी उपकरणे ओळखली जाणे बहुधा थांबते आणि संगणक पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसते. चूक आणि तिचा परिणाम यांत तासांचे अंतर पडू शकत असल्याने दोष भलत्याच पेन ड्राइव्हवर ढकलला जातो.

नोंदणी योग्य रीतीने रद्द केल्यास हा धोका राहत नाही. रद्द करणारे फंक्शन, चालू असलेली सूचना पूर्ण होईपर्यंत थांबते आणि मगच परतते. यादीसाठी मागितलेली स्मृती त्यानंतर मोकळी करावी, आधी नव्हे.

चाचणी

वरील कारणांमुळे रोजच्या वापरातील संगणकावर असे मॉड्यूल तपासू नये. क्यूईएमयू या आभासी यंत्रात चालू अवस्थेतच आभासी माऊस किंवा साठवण उपकरण जोडता व काढता येते. तेथे कर्नल कोसळला तरी खिडकी बंद करून पुन्हा उघडणे एवढेच काम उरते. कर्नलमध्येच ‘डमी_एचसीडी’ नावाचे मॉड्यूलही आहे. ते यजमान आणि उपकरण या दोन्ही बाजूंचे सोंग घेते, त्यामुळे एकही खरी वस्तू न जोडता हवी तितकी जोड-तोड करता येते. तारेवरून प्रत्यक्ष काय गेले ते पाहण्यासाठी ‘यूएसबीमॉन’ ही सुविधा उपयोगी पडते.

ओळख आणि विश्वास

अशी मॉड्यूले अनेकदा सुरक्षेच्या हेतूने लिहिली जातात. संस्थेतील माहिती पेन ड्राइव्हवरून बाहेर जाऊ नये, म्हणून ठरावीक क्रमांकांखेरीज अन्य उपकरणे जोडल्यास इशारा द्यावा, अशी मागणी असते. इशाऱ्यापुरते हे ठीक असले, तरी त्यावर अधिक भिस्त ठेवता येत नाही. निर्माता क्रमांक, उत्पादन क्रमांक, वर्ग, अनुक्रमांक हे सर्व उपकरणाने स्वतःविषयी केलेले कथन असते. ते खरे आहे की नाही हे पडताळण्याची सोय यूएसबी २.० च्या ओळखप्रक्रियेत नाही.

कार्स्टेन नोल व याकोब लेल यांनी २०१४ साली ब्लॅक हॅट परिषदेत ‘बॅडयूएसबी’ या नावाने हे ठळकपणे दाखवून दिले. काही पेन ड्राइव्हमधील नियंत्रकाचे फर्मवेअर बदलून त्यांनी त्यांना कळफलकाचे सोंग घ्यायला लावले. संगणकाने त्या ‘कळफलका’वरील कळदाब निमूटपणे स्वीकारले. मॉड्यूलच्या नजरेतून पाहिले, तर तेथे फक्त एक कळफलक जोडला गेला होता.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. वर्णनपत्रे ही बाहेरून आलेली माहिती असल्याने ती मुद्दाम वाकडी बनवून ड्रायव्हरांतील दोषांवर नेम धरता येतो. गूगलच्या सिझकॉलर या स्वयंचलित चाचणीसाधनाच्या साहाय्याने आंद्रेई कोनोवालोव्ह यांनी २०१७ पासून लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरांमध्ये असे कितीतरी दोष शोधून काढले. त्यांपैकी पुष्कळ दोषांचे मूळ एकच होते: उपकरणाने सांगितलेली लांबी किंवा एंडपॉइंटांची संख्या न तपासता खरी मानली गेली होती.

उपकरण खरोखर अडवायचे असल्यास कर्नलमध्ये मंजुरीची वेगळी यंत्रणा आहे. सिसएफएसमध्ये प्रत्येक नियंत्रकासाठी ‘ऑथोराइज्ड_डिफॉल्ट’ ही फाइल असते. तीत शून्य लिहिल्यास नवे उपकरण ओळखले जाते, पण त्याची संरचना निवडली जात नाही व कोणताही ड्रायव्हर त्याला हात लावत नाही. अशा उपकरणाचीही ‘आले’ ही सूचना साखळीवर निघते. म्हणून सूचना आली याचा अर्थ उपकरण वापरात आले असा घेऊ नये. यूएसबीगार्ड हे साधन याच यंत्रणेवर उभे असून ते नियमांची यादी पाहून प्रत्येक उपकरणाला मंजुरी देते अथवा नाकारते.

कर्नलबाहेरील पर्याय

अध्ययनाचा हेतू सोडला, तर उपकरण जोडल्याची नोंद घेण्यासाठी कर्नल मॉड्यूलची गरज क्वचितच भासते. प्रत्येक जोड-तोडीची घोषणा कर्नल स्वतःच नेटलिंक या मार्गाने युजर स्पेसमध्ये करत असतो आणि यूडेव्ह ती ऐकत असते. यूडेव्हच्या एका ओळीच्या नियमाने ठरावीक उपकरण जोडताच हवी ती आज्ञा चालवता येते. लिबयूडेव्ह व लिबयूएसबी या ग्रंथालयांद्वारे सी, पायथन आदी भाषांतील प्रोग्रामना याच बातम्या मिळतात. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा त्या क्षणीची यादी दाखवते, तर ‘यूडेव्हएडीएम मॉनिटर’ ही आज्ञा घटना घडत असताना त्या पडद्यावर मांडत जाते. या मार्गांनी लिहिलेला प्रोग्राम चुकला, तरी तो एकटाच बंद पडतो आणि कर्नलच्या नव्या आवृत्तीबरोबर तो पुन्हा बांधावा लागत नाही.